दुखण्यात बुडालेला रोज

लासलगावच्या बाजारात कांद्याचे वाहन लिलावाला उभे राहिले की पुढचा सगळा व्यवहार कागदावर येतो. भाव काय निघाला, माल किती भरला, हमाली किती गेली, तोलाई किती गेली आणि शेवटी हातात किती पडले, हे सारे हिशेबपट्टीवर मांडलेले असते. 1 एप्रिल 1947 रोजी इथे बाजार समिती स्थापन झाली. तेव्हापासून तीन पिढ्या ही पट्टी वाचत आल्या आहेत. जिला आपले नावही नीट लिहिता येत नाही अशी म्हातारीसुद्धा पट्टीतली चूक बरोबर हेरते.

दुखण्याची मात्र अशी पट्टी कोणी करून देत नाही. औषधांची बिले असतात, तपासण्यांचे कागद असतात, घरची मंडळी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. पण आजारी माणूस किती दिवस कामावर गेला नाही, त्याच्याबरोबर बायको किंवा भाऊ किती दिवस इस्पितळाच्या आवारात बसून राहिला, त्या हंगामात लागण कोणाच्या हातून झाली आणि त्यापायी काय वाढीव मजुरी द्यावी लागली, याची पावती कुठेच मिळत नाही. आपल्याकडे त्याला एक साधा शब्द आहे. ‘रोज बुडाला’ असे आपण म्हणतो.

कर्करोगासारख्या लांबलचक दुखण्यात माणसाला पैशाची मदत कोणी केली, कधी केली आणि कोणत्या खात्यावर केली, त्या इतिहासाविषयी आज बोलायचे आहे. खाती दोन आहेत, एक औषधाचे आणि एक दिवसांचे. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत महाराष्ट्रात पहिल्या खात्यावर पुष्कळ जमा झाले आहे, आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. दुसऱ्या खात्यावर जमा झाली ती प्रामुख्याने ज्याच्या मागे कोणी मालक उभा होता त्याच्याच नावावर. ज्याला मालकच नाही, त्याचे काय झाले हे पुढे येईलच.

रोग तसा जुना. आपल्या वैद्यकात त्याच्या जवळचा शब्द ‘अर्बुद’ हा. आणि ‘कर्क’ म्हणजे खेकडा, हे नाव ग्रीकांपासून आले. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. पण जोवर या रोगावर चालण्यासारखा इलाज नव्हता, तोवर त्याचा खर्चही फारसा नव्हता. माणूस घरीच झिजे आणि घरीच जाई. इलाज निघाला तेव्हा पैशाचा प्रश्न निघाला. वैद्यकाची प्रगती आणि घराचे कर्ज या दोन गोष्टी हातात हात घालून आल्या असे म्हटले तर ते कडू वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

महाराष्ट्रात ही कथा सुरू होते ती एका श्रीमंत घरातल्या मृत्यूपासून. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात उपचार घेत होत्या, कारण हिंदुस्थानात त्या वेळी तशी सोयच नव्हती. या बाईंच्या गळ्यात एक प्रसिद्ध हिरा असे, ‘ज्युबिली’ नावाचा, 245 कॅरटांचा. 1924 साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडायच्या बेतात आला, कामगारांचे पगार द्यायला पैसा उरला नाही, तेव्हा दोराबजींनी आपली सारी खासगी मालमत्ता आणि त्यासोबत हा हिराही इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवला होता. कारखाना सावरला, हिरा सुटला. बाईंच्या मृत्यूनंतर दोराबजींनी 1932 साली विश्वस्त निधी केला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे तो हिरा विकला गेला आणि त्याची रक्कम या निधीत आली. त्याच निधीतून परळला टाटा मेमोरियल इस्पितळ उभे राहिले. 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते ते उघडले. सोने गहाण टाकून दुखणे निभावणे हे आपल्याकडे घरोघरी चालते. या इस्पितळाच्या पायातही एक दागिनाच आहे. फरक एवढाच की तो परक्यांच्या दुखण्यासाठी मोडला गेला.

इस्पितळाचा भार एका खासगी निधीला कायमचा पेलणारा नव्हता. 1957 साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ते हाती घेतले आणि 1962 साली ते अणुऊर्जा खात्याकडे गेले. इस्पितळ आरोग्य खात्याकडे नसून अणूच्या खात्याकडे कसे, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर किरणोपचारात आहे. आणि हे उत्तर, श्रोतेहो, लासलगावकरांना इतर कोणाहूनही लवकर समजावे, कारण त्याच खात्याचे एक केंद्र आपल्याच गावात आहे.

‘कृषक’ या नावाने ते ओळखले जाते. 2002 साली भाभा अणुसंशोधन केंद्राने ते इथे उभारले. तिथे कोबाल्ट-60 या पदार्थातून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात, म्हणजे साठवणीत त्याला मोड येत नाहीत. 2007 साली अमेरिकेला जाणारे आंबेही इथूनच किरण घेऊन गेले. हाच कोबाल्ट-60 कर्करोगाच्या उपचारात 1951 साली कॅनडामध्ये पहिल्यांदा वापरला गेला आणि पुढे जगभर गेला. आता एक आकडा सांगतो. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून जी मात्रा देतात ती 60 ते 90 ग्रे इतकी असते. घशाच्या किंवा तोंडाच्या गाठीला बरे करण्यासाठी जी मात्रा देतात ती साधारण 66 ते 70 ग्रे असते. म्हणजे आकडा जवळजवळ तोच! पण कांद्याला ती एकाच फेरीत देऊन मोकळे होता येते. माणसाला ती तशी दिली तर आसपासची निरोगी पेशी जगणार नाही. म्हणून ती रोज दोन-दोन ग्रे अशी वाटून द्यावी लागते, आठवड्यातले पाच दिवस, तेहतीस ते पस्तीस वेळा. सात आठवडे होतात. ते किरण मिळण्याची वेळ दिवसातून काही मिनिटांची असते. पण त्या काही मिनिटांसाठी माणसाला सात आठवडे इस्पितळाच्या आसपास राहावे लागते.

रोज कुठे बुडतो ते इथे दिसते. इस्पितळाने किरणांचा एक पैसाही घेतला नाही असे धरून चाला. सात आठवडे मुंबईत राहायचे कुठे? खायचे काय? बरोबर आलेल्या माणसाचे काय? आणि गावाकडे चूल कोणी पेटवायची?

राहायचे कुठे, या प्रश्नाला महाराष्ट्रात पहिले मोठे उत्तर दिले ते हातात खराटा घेतलेल्या एका फकिरी वृत्तीच्या माणसाने. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या यात्रेकरूंसाठी होत्या. पण मुंबईला त्यांनी जे. जे. इस्पितळाजवळ धर्मशाळा उभी केली ती रुग्णाच्या नातलगांसाठी. इस्पितळाच्या दारातला नातलग हासुद्धा एक वारकरीच, हे ज्याला दिसले त्याची दृष्टी मोठी म्हटली पाहिजे. त्या काळच्या कोणत्याही सरकारी अहवालात ‘रुग्णासोबतचा माणूस’ हा खर्चाचा बाब म्हणून मांडला गेला असेल असे मला वाटत नाही. बाबा 1956 सालच्या डिसेंबरात गेले. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा पुढे टाटा इस्पितळात येणाऱ्या रोग्यांचा मोठा आधार झाली. विदर्भातला, खानदेशातला, आपल्या नाशकातला माणूस तिथे नाममात्र पैशांत राहतो आणि तिथून परळला जाऊन उपचार घेतो.

रेल्वेनेही हा बरोबरचा माणूस ओळखला. कर्करोगाच्या रोग्याला उपचारासाठी प्रवास करताना शयनयानाच्या डब्यात पूर्ण भाडे माफ आहे आणि त्याच्या सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. साध्या दुसऱ्या वर्गात दोघांनाही 75 टक्के मिळते. 2020 साली महामारीत रेल्वेने पुष्कळ सवलती काढून घेतल्या, त्यात ज्येष्ठांचीही गेली. पण रोग्यांची ठेवली. लासलगावहून सकाळी मुंबईला जाणाऱ्या माणसाला याचा उपयोग होतो, फक्त इस्पितळाचा विहित नमुन्यातला दाखला खिशात असावा लागतो. तो मागून घ्यायचा असतो, आपोआप कोणी देत नाही. एस. टी.तही सवलत आहे. असो.

बुडालेल्या रोजाचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने येतो. त्याचे मूळ जर्मनीत आहे. बिस्मार्कने 1883 साली कामगारांचा आजारविमा सुरू केला. कामगार आजारी पडला तर तेरा आठवडेपर्यंत निम्मा पगार, असा त्याचा नियम होता. बिस्मार्क काही दयाळू गृहस्थ नव्हता; समाजवाद्यांच्या हातून कामगार सुटावेत हा त्याचा हेतू होता. पण आजारात औषधाइतकीच मजुरीही लागते ही गोष्ट कायद्यात पहिल्यांदा आली ती अशी. आपल्याकडे 1923 साली कामगार भरपाईचा कायदा झाला, त्याने मुख्यतः अपघात पाहिला. यंत्रात हात गेला तर भरपाई. छातीत गाठ झाली तर काही नाही. अपघात डोळ्यांना दिसतो आणि त्याचा दोष कोणावर तरी ठेवता येतो, म्हणून कायदा आधी तिथे पोचला असावा.

आजारापर्यंत पोचायला आणखी पंचवीस वर्षे लागली. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1943 साली, प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांनी 1944 साली आपला अहवाल दिला. एका प्राध्यापकाने लिहिलेला अहवाल चार वर्षांत देशाचा कायदा व्हावा, हे आमच्या धंद्यात वारंवार घडत नाही. 1948 साली राज्य कामगार विमा कायदा झाला, 1952 साली कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली, 1954 साली ती मुंबईत आली.

या कायद्याने आजारी कामगाराला औषध तर दिलेच, शिवाय बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग रोखीने दिला. सुरुवातीला मुदत कमी होती, ती वाढून वर्षाला 91 दिवस झाली. 91 दिवस म्हणजे पुन्हा तेरा आठवडेच! या काळात मजुरीच्या 70 टक्के मिळतात. पण कर्करोग तेरा आठवड्यांत आटोपत नाही. म्हणून क्षय, कुष्ठरोग, कर्करोग अशा लांबणाऱ्या दुखण्यांसाठी ‘विस्तारित आजारलाभ’ आला. ज्याची दोन वर्षांची नोकरी झाली आहे त्याला 91 दिवसांच्या पुढे, मजुरीच्या 80 टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत पैसे मिळू शकतात. 2025 सालच्या नोव्हेंबरात हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. माझ्या मते कर्करोगाच्या बाबतीत आपल्या देशात झालेली ही सर्वांत शहाणी तरतूद होय. रोगी माणूस घर चालवणारा असतो, एवढे साधे सत्य तिच्यात ओळखलेले आहे.

आता तिची मर्यादा पाहा. 1948 च्या कायद्यात कारखाना म्हणजे बारमाही कारखाना. हंगामी कारखाने त्यातून नावानिशी वगळले. सरकी काढण्याचे, भुईमूग फोडण्याचे, साखर-गुळाचे. म्हणजे नेमके ते, जे आमच्या भागात चालतात. मुंबईच्या गिरणीतला कामगार आत आला. निफाड तालुक्यातला उसाच्या हंगामावर जगणारा बाहेर राहिला. आणि कांद्याच्या खळ्यावर निवडणी करणारी बाई तर कोणाच्याच यादीत नव्हती. शेतकऱ्याची गोष्ट बोलायलाच नको. त्याला मालक नाही, पगारपत्रक नाही, हजेरी नाही. ज्याची हजेरी नाही त्याची गैरहजेरी कोण मांडणार?

मधल्या काळात काही धंद्यांनी आपापली सोय करून घेतली. आमच्या शेजारच्या सिन्नर तालुक्यात विडीचा धंदा मोठा. घरी बसून पाने कापणाऱ्या आणि तंबाखू भरणाऱ्या हजारो बायका. त्यांच्यासाठी 1976 साली केंद्राने विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला. विडीवर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांसाठी दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवायच्या. या निधीतून कर्करोग झालेल्या विडी कामगाराच्या उपचाराचा खर्च भरून देण्याची तरतूद झाली. विडीच्या धुराने गावोगाव तोंडाचे, घशाचे, फुप्फुसाचे कर्करोग होत राहिले आणि त्याच विडीवरच्या कराने ती वळणाऱ्या बाईचा इलाज होऊ लागला. याला न्याय म्हणावे की थट्टा, ते ज्याने त्याने ठरवावे. 2017 साली वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला.

हमालांची गोष्ट याहून जवळची. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या माथाडींनी लढा दिला आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला एक कायम मालक नसतो. आज या आडतीवर, उद्या त्या. कायद्याने यावर तोड काढली ती अशी, की सगळ्या मालकांनी मिळून मजुरीवर लेव्ही भरायची आणि एका मंडळाने ती जमा करून त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, वैद्यकीय मदत द्यायची. लासलगावच्या बाजारात हमाल आणि मापारी या कायद्याची भाषा बोलतात. लेव्ही कोणी भरायची यावरून मधूनमधून वाद होतात, कधी लिलावही थांबतात, आणि वर्तमानपत्रे त्याकडे कांद्याच्या भावाची बातमी म्हणून पाहतात. त्या लेव्हीत कोणाच्या तरी दुखण्याची बेगमी असते, हे बातमीत येत नाही. मला हा कायदा महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. एक मालक नसला तरी आजारपणाची तजवीज करता येते, हे महाराष्ट्राने 1969 सालीच करून दाखवले आहे.

यानंतर, 1980 साली, राज्याने मालकाचे नाव न विचारता दारिद्र्याकडे पाहिले. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्या वर्षी आली. विधवा, परित्यक्ता, अनाथ, अपंग यांच्याबरोबर दुर्धर आजाराने चरितार्थ चालवू न शकणारी माणसेही तिच्यात घेतली गेली. आणि त्या आजारांच्या यादीत क्षय, पक्षाघात, कुष्ठरोग यांच्यासोबत कर्करोगाचे नाव आहे. ज्याला मालक नाही, अशा कर्करोग्याला दरमहा रोख रक्कम देणारी ही व्यवस्था. 2023 साली ती रक्कम 1,500 रुपये झाली. वय 65 च्या आत हवे. आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे.

हा 21,000 चा आकडा जरा लक्षात ठेवावा. कामगार विम्यात येण्यासाठी पगाराची जी कमाल मर्यादा 2017 सालच्या जानेवारीपासून ठरली, तीही 21,000 च. फक्त ती महिन्याची आहे आणि ही वर्षाची! एकीकडे महिना वीस हजार मिळवणारा कारखान्यातला कामगार ‘मदतीस पात्र’ ठरतो, ते योग्यच आहे. दुसरीकडे वर्षाला पंचवीस हजार मिळवणारे कुटुंब ‘मदतीस अपात्र’ ठरते. महिन्याला दोन हजारांहून थोड्या अधिक रुपयांत कोणते कुटुंब चालते, हे ज्याने नियम केला त्याने एकदा आमच्या आठवडे बाजारात येऊन पाहावे.

आता अपंगत्वाचा कायदा. लोक नेहमी विचारतात की कर्करोग झालेल्याला अपंगाचा दाखला मिळतो का. 1995 सालच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले. हिमोफिलिया, थॅलॅसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आले. कर्करोग नाही आला. पण त्या कायद्याचे परिशिष्ट बारकाईने वाचले तर एक जागा सापडते. वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाची व्याख्या करताना तिथे स्वरयंत्र काढून टाकण्याचे उदाहरण दिले आहे. स्वरयंत्र काढावे लागते ते बहुतेक वेळा कर्करोगामुळेच. म्हणजे कायद्याला रोग दिसत नाही, रोगाने कायमचे जे नेले ते दिसते. आवाज गेला, पाय कापला, तर दाखला मिळू शकतो. पण जो चार महिने औषधांच्या सलाइनखाली आहे, ज्याच्या तोंडाला चव नाही, ज्याला जिना चढवत नाही, आणि जो पुढे कदाचित ठणठणीत बरा होईल, तो या चार महिन्यांत कोण? धडधाकटही नव्हे आणि दिव्यांगही नव्हे. नुकताच हा फरक रुपयांतही उतरला. 2025 साली राज्याने निराधार योजनेतल्या दिव्यांगांची दरमहाची रक्कम 2,500 रुपये केली, आणि ते फार चांगले केले. आजारामुळे निराधार झालेला मात्र 1,500 वरच राहिला.

असाच दुसरा फरक शेतकऱ्याच्या बाबतीत दिसतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख आणि एक पाय किंवा एक डोळा गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. पाय ट्रॅक्टरखाली गेला तर. हाडाच्या गाठीमुळे गेला तर नाही. 1923 सालच्या कायद्याचा डोळा अजून तसाच आहे, असे मला हे वाचताना वाटते.

औषधाच्या खात्याविषयी मी मघाशी चांगले बोललो ते पुरे करतो. खासगी विश्वस्त इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्यात, हे विश्वस्त कायद्याच्या कलम 41-कक मध्ये आले आणि 2006 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची पक्की योजना घालून दिली. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 सालच्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता, अशी ती होती. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, औषधोपचार, किरणोपचार तिच्यात होते. 2017 साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. 1 जुलै 2024 पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली आणि मर्यादा 5 लाख झाली. 1941 साली एका हिऱ्याच्या जिवावर जे सुरू झाले ते इथवर आले. पूर्वी कर्करोग म्हटले की लासलगावच्या माणसाला परळच दिसे. आता नाशकातही या योजनेखाली उपचार होतात आणि दोन-तीन तासांत घरी परतता येते. नाशिक जवळ आल्यामुळे बुडालेल्या दिवसांतही बचत झाली आहे, ही गोष्ट कोणी मोजत नाही.

फुले योजनेच्या नियमांत एक बारीकशी ओळ आहे. इस्पितळातून सुटलेल्या रोग्याला घरी जाण्याचे एस. टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे द्यावे. एका बाजूचे, एकदा. दिवसांच्या खात्यावर या मोठ्या योजनेतून जमा झालेली रक्कम ती एवढी.

आमच्या वर्गात एक मुलगा हिवाळ्याच्या सत्रात बरेच दिवस दिसेना. चौकशी केली तर वडिलांना नाशिकला नेत होता. औषधांच्या सहा फेऱ्या, दर तीन आठवड्यांनी एक. योजनेत बसल्यामुळे इस्पितळाचे बिल आले नाही, आणि तसे तो कृतज्ञतेने सांगत होता. मग थोडा थांबून म्हणाला, “सर, औषधाचं निघालं. पण लागणीला माणसं लावावी लागली, आई वडिलांपाशी, मी घरी. त्याचं कुठं मिळतं का काही?” सहा फेऱ्या तीन-तीन आठवड्यांच्या, म्हणजे अठरा आठवडे. उन्हाळ कांदा लागणीपासून काढणीपर्यंत साधारण तेवढाच वेळ घेतो. एक उपचार म्हणजे एक पीक. त्या मुलाच्या घरात पीक गेले नाही, कारण भाऊबंदांनी सावड केली; पण मजुरीपायी उचल घ्यावी लागली, आणि ती पुढच्या कांद्यावर होती.

त्याला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. निराधार योजनेचा अर्ज तलाठ्याकडून निफाडच्या तहसील कचेरीत जातो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि आजाराबद्दल सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. रेल्वेच्या सवलतीचा नमुना इस्पितळातल्या समाजसेवा विभागात भरून मिळतो. फुले योजनेसाठी इस्पितळाच्या दारातच ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जावे. घरातले कोणी कारखान्यात असेल आणि त्याचा कामगार विमा कापला जात असेल, तर पगाराची पावती काढून पाहावी, कारण आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही त्या विम्यात औषधोपचार मिळू शकतो. मुलाने हे वहीत उतरवून घेतले. शेवटी त्याने विचारले, “आणि सर, माझ्या हजेरीचं?” ते मात्र कॉलेजच्या हातातले होते, आणि तिथे वैद्यकीय कागद जोडून अर्ज करता येतो.